नंदुरबारला गेलेली मुलं

बातमी आली त्या दिवशी मी पाचवीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, फोन आहे. कामरेजहून." मी निघाले तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पुढचा शब्द?" मी शब्द सांगितला आणि मग खाली गेले. माझा मुलगा सोहम तेरा वर्षांचा होता. कामरेजजवळ हायवेवरच्या अपघातात गेला. त्याबद्दल इथे एवढंच.

यानंतर तुमच्याकडे किस्से साठतील असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं! पण साठतात. माणसं आपल्याशी फार जपून वागायला लागली की किस्से आपोआप घडतात.

माझी शाळा सकाळची आणि हे हजीऱ्याला प्लांटवर, त्यामुळे दुपारी घरात मी एकटीच. म्हणून समोरच्या रत्नाताईंनी मला त्यांच्याकडे नेऊन बसवायला सुरुवात केली. आमच्या डिंडोलीत बायका दुपारी साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम करतात. रत्नाताई मूळच्या शिरपूरच्या, आमच्या मुकादम. शेजारच्या हंसाबेन इथल्याच, गुजराती. तिसरी मंगल, नवं लग्न झालेली. तिच्या मोबाईलवरून टीव्हीवर पिक्चर लागतो, आणि तोही फक्त भुताचा.

"सिरियलला डोळा लागतो," रत्नाताई म्हणतात. "भुताला नाही लागत. माल वेळेवर जातो!"

* * *

पहिल्याच दिवशी पिक्चरमध्ये एक बर्फाळ देश, एक बंगला आणि सोनेरी केसांची एक छोटी मुलगी होती. ती विहिरीकडे निघाली आणि रत्नाताई एकदम म्हणाल्या, "मॅडम, जरा चहा टाका ना. तुमच्या हातचा!"

घर त्यांचं, गॅस त्यांचा. मी गेले. परत आले तर मुलगी गायब.

"मुलगी कुठे गेली?"

तिघींच्या माना साडीत. शेवटी हंसाबेन म्हणाल्या, "ए तो मामाने घेर गई."

"मामाकडे? कुठे?"

हंसाबेननी रत्नाताईंकडे पाहिलं. रत्नाताई म्हणाल्या, "नंदुरबारला."

तेवढ्यात पडद्यावर मुलीच्या आईनं हंबरडा फोडला. "मग एवढं रडायला काय झालं?" मी विचारलं. "फोन करायचा."

"रेंज नथी!" हंसाबेन म्हणाल्या.

* * *

तेव्हापासून कुठल्याच पिक्चरमध्ये मूल मेलं नाही. जपानी, स्पॅनिश, बंगाली, सगळी मुलं नंदुरबारला गेली. मी मात्र प्रत्येक वेळी चहा टाकत राहिले. एका पिक्चरमध्ये तर तीन भावंडं होती!

मला ॲसिडिटी झाली. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला चहा किती होतो?"

मी म्हटलं, "पिक्चरवर अवलंबून आहे."

* * *

मग रत्नाताईंनी मंगलला हुकूम सोडला, "ज्यात मूल जात नाही असा भुताचा पिक्चर शोध."

मंगलनं बरेच दिवस शोधलं. मिळाला एकच. त्यात एक फ्रिज झपाटलेला होता. आपोआप उघडायचा, आपोआप बंद व्हायचा. आतली भाजी नासायची. अर्ध्या तासात तिघीही पेंगायला लागल्या. मोराच्या डोळ्याचे स्टोन मोराच्या पायावर चिकटले आणि शेठच्या माणसानं सगळा गठ्ठा परत पाठवला.

रत्नाताई भडकल्या. "यात मूलच नाही! मूल नाही तर भूत रडेल कशासाठी? आणि भूत रडलं नाही तर आपण जागं राहायचं कसं?"

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी जीभ चावली आणि स्वतःच चहा टाकायला उठल्या.

* * *

एकदा ह्यांची ड्यूटी लवकर सुटली. किल्ली माझ्याकडे, म्हणून तेही रत्नाताईंकडे आले आणि हंसाबेननी त्यांना आग्रहानं बसवलं. आता पंचाईत! चहाला दोघांना कसं पाठवणार?

वेळ आली तशा रत्नाताई म्हणाल्या, "मॅडम, चहा. आणि भाऊ, तुम्ही प्लांटवाले, जरा सिलिंडर बघता का? वास येतोय."

ह्यांनी रेग्युलेटर काढला, हुंगला, पुन्हा बसवला. हळूच म्हणाले, "काही लीक नाहीये."

"माहीत आहे."

"मग?"

"बाहेर आत्ता मूल जात असेल."

हे सिलिंडरकडे बघत राहिले. रेग्युलेटर पुन्हा काढला, पुन्हा बसवला. म्हणाले, "मग थांबू थोडं."

आम्ही थांबलो. चहा उतू गेला. तेवढ्यात बाहेरून हंसाबेनची आनंदी हाक आली, "आवी जाव, आवी जाव! आता नुसतं भूत आहे!"

* * *

आता शेवटचा किस्सा. त्या घरात सोहमचं नाव कोणी घेत नव्हतं, आणि मीही घेत नव्हते. मला एक पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचा होता. मी ठरवून गेले.

पिक्चरमधला मुलगा नदीवरच्या बर्फावर खेळायला गेला. "मॅडम, चहा," रत्नाताई म्हणाल्या.

"आज नको."

बर्फ फुटला. हंसाबेननी घाईघाईनं सुरू केलं, "ए तो मामाने..."

"हंसाबेन, मेला तो," मी म्हटलं. "मी पाहिलं."

मंगलनं साडीवरचा स्टोन स्वतःच्या नखावर चिकटवला.

पिक्चर पुढे गेला. एका संध्याकाळी त्या आईच्या दारावर थाप पडली. बाहेरून मुलाचा आवाज, "माँ, दरवाज़ा खोलो." आत एक म्हातारा पाद्री तिला सांगतोय, मत खोलो, वो तुम्हारा बेटा नहीं है. अशा वेळी रत्नाताई नेहमी पडद्यावरच्या बाईला दम देतात, "नको उघाडू वं माय!" त्या दिवशी गप्प होत्या. पुन्हा थाप पडली. ती बाई उठली.

"उघाड!" रत्नाताई ओरडल्या. "उघाड वं माय, उघाड! त्या म्हाताऱ्याचं नको ऐकू!"

"खोल ने, बेन!" हंसाबेन गुडघ्यांवर आल्या. मंगल तर रडतच होती.

"उघडा लवकर," मी म्हणाले, "सोहम उन्हात उभा आहे!"

पिक्चरमध्ये बर्फ पडत होता. त्या बाईचा हात कडीवर गेला आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं.

"डेटा संपला," मंगल म्हणाली.

मोबाईल तिच्या हातातच होता. रिचार्ज मार, असं तिला कोणी म्हटलं नाही. रत्नाताईंनी माझा हात घट्ट धरला होता. दोघींच्या बोटांना गम होता, तो सोडवायला वेळ लागला.

त्या बाईनं दार उघडलं की नाही, ते आम्ही अजून पाहिलेलं नाही.