तुकिनेमबाईंचं आमंत्रण

जावा बेटावरच्या वोनोगिरीच्या बाजारात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या तुकिनेमबाईंना एकच गोष्ट जन्मात जमली नाही: कुणाच्या घरी जाऊन सरळ मुद्द्यावर येणं.

मुलगी निंगरुम शेतकी विद्यापीठात शिकत होती. शेळ्यांना कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, साली चारण्यावर तिनं अभ्यास केला होता आणि गुरुवारी तो सगळ्यांसमोर मांडायचा होता. श्रोते कमी पडले तर कार्यक्रम पुढे ढकलायचा, असा तिथला नियम. मैत्रिणीचा दोनदा ढकलला गेला होता.

"शेळ्यांचं ऐकायला कोण येणार गं आई?" निंगरुम रडकुंडीला आली.

"माणसं मी आणते. तू तुझ्या शेळ्या सांभाळ."

आता बोलवायला जायचं म्हणजे रिकाम्या हातानं कसं जाणार? बाईंनी सणासुदीचा ठेवणीतला केबाया अंगात चढवला, अंबाडा घातला, भात, कोंबडी, शेवया असे डबे भरले आणि घरोघर निघाल्या. आमच्याकडे असा डबा खाल्ला की जावंच लागतं. बाईंना तेवढंच हवं होतं. पण असे डबे फक्त कार्याच्या घरातून येतात, हे मात्र त्या धांदलीत साफ विसरल्या.

शेजारच्या सुमिनीवहिनींकडे गुडघेदुखी झाली, मिरच्यांचे भाव झाले, व्यायलेली शेळी झाली. उंबऱ्यात चपला घालताना बाई लाजत म्हणाल्या, "गुरुवारी आमच्या निंगरुमचं आहे. विद्यापीठाच्या सभागृहात. आशीर्वाद द्यायला या."

"अगंबाई! सभागृहात? थोरामोठ्यांत पडलात की!"

"तिची मेहनत हो," बाई म्हणाल्या. वहिनी जरा चपापल्या, पण डबा उघडला.

गुरुवारी दोन ट्रक भरून गाव उतरलं. कडक इस्त्रीच्या बाटिक सदऱ्यांत पुरुष, डोक्याला फुलं माळलेल्या बायका, हातांत तांदूळ-साखरेची घमेली. क्रोमोआजोबांच्या काखेत जिवंत कोंबडा. परीक्षक सर दाराकडे बघतच राहिले. सभागृह खचाखच भरलं आणि निंगरुमच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तकी भाषेतली दोन वाक्यं कशीबशी बोलली आणि अडली.

"सगळं ठीक आहे, पण नवरदेव कुठाय?" क्रोमोआजोबांनी मोठ्यांदा विचारलं.

गाव माना वळवून तुकिनेमबाईंकडे बघू लागलं. धरणी दुभंगेल तर बरं, असं बाईंना झालं. पोरीची अब्रू आपण चव्हाट्यावर आणली!

निंगरुमनं आईचा पडलेला चेहरा पाहिला. कागद बाजूला ठेवला.

"नवरदेव नाही, आजोबा. शेळ्या आहेत. तुमची तांबडी शेळी साली खाते का?"

"हुंगतसुद्धा नाही रांडेची!"

"ओल्या टाकता ना? तिथंच चुकतं. ऐका." आणि पोरगी घरच्या भाषेत जी सुटली, ती सुटलीच. प्रश्नांवर प्रश्न आले. सुमिनीवहिनी तर उभ्या राहून भांडल्या. शेवटी सरांनाच हात जोडून लोकांना बसवावं लागलं.

कार्यक्रम संपल्यावर बाई दारात उभ्या राहून एकेकाला निरोप देत होत्या. निंगरुम जवळ येऊन कुजबुजली, "आई, अगं सगळे लग्नाला आले होते!"

"येऊ देत," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "लग्नात तू मान खाली घालून गप्प बसली असतीस. आज गावानं तुला बोलताना ऐकलं."