पडवीच्या भिंतीवरची तांबूस झाक

मंडळी, आज शुक्रवार, म्हणजे इथे रियाधला सुट्टी. आठवडाभर इथल्या ओलाया भागातल्या ऑफिसात बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि शुक्रवारी हौसेने व्हिडिओ गेमचं ग्राफिक्स शिकायचं, असं माझं चाललंय.

सरावासाठी रत्नागिरीकडच्या आमच्या घराची पडवी लॅपटॉपवर उभी केली. ऊन आलं, सावली पडली. खूश होऊन आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली.

"आपली पडवी नव्हे ही," आई म्हणाली. "दुपारी भिंत कशी तांबूस दिसायची!"

खरंच की! भिंत चुन्याची, पांढरी; पण अंगण जांभ्या दगडाचं. त्यावर पडलेलं ऊन लाली घेऊन भिंतीवर यायचं. माझ्या प्रोग्राममध्ये ऊन जमिनीवर पडून तिथेच संपत होतं. जेवण विसरून तो परतणारा उजेड लिहिला. सूर्य सरकला की भिंतीवरची लालीही सरकू लागली. आईला पुन्हा फोन लावला.

ती बघतच राहिली.

"आता नाही रे दिसत असं. अंगणात फरशी घातली ना आपण."

मी लॅपटॉप मिटायला गेलो, तर म्हणाली, "थांब. पडवीत संध्याकाळ होईपर्यंत राहू दे."

तुमच्या घरातला कुठला उजेड आठवतो तुम्हाला?