चांगल्या पाण्यात ठेवलेला तुकडा

वृषणाचा तुकडा तपासायला येतो तो तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही पॅथॉलॉजीवाले तो पिवळ्या, उग्र वासाच्या द्रावणात मागवतो, कारण साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. शहागंजजवळच्या माझ्या लॅबमध्ये त्या दिवशी आलेल्या बाटलीत मात्र नितळ पाणी होतं.

बाटली आणणारी पंचविशीची बाई, सोबत तिची सासू. शेंद्र्याकडचं धनगराचं घर. चराईची रानं कारखान्यांत गेली होती, तरी थोडी मेंढरं राखून होते. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू सापडत नव्हते, म्हणून सर्जननं तुकडा काढला होता.

"यातलं द्रावण कुठं गेलं?" मी विचारलं.

"मीच वतून दिलं," सून म्हणाली. "लई घाण वास व्हता. आन् आपलं जारचं पाणी घातलं. टँकरचं नाय बरं का, इकतचं."

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात विकतच्या पाण्याहून चांगलं तिच्याकडे काही नव्हतं. मी तुकडा घाईघाईनं योग्य द्रावणात टाकला. पाण्यात किती वेळ होता म्हणून विचारलं, तर म्हणाली, पुलाचं काम चालू हाय, रिक्षा हलंचना.

"हिच्या हातानं कधी काय धड झालंय?" सासू म्हणाली. "पोरासाठी दुसरी बघून ठेवलीया. डाक्टर म्हनले, आधी तपासा, म्हणून थांबलोय. पुन्हा तुकडा काढायला त्यो काय तयार व्हायचा नाय."

म्हणजे स्लाइड वाचता आली नाही, तर ही बाई माहेरी जाणार. तिनं रिकामी बाटली माझ्याकडून मागून घेतली आणि द्रावणाचा वास उरलाय का, ते हुंगून पाहिलं.

स्लाइड तयार झाली तेव्हा मला भीती होती तेच दिसलं. मधल्या नलिकांत नुसता चिखल: पेशी फुगलेल्या, केंद्रकं विरलेली. शुक्राणू तयार होतात ते या बारीक नलिकांच्या भिंतीत. बाहेरच्या थरातल्या पेशी विभागत आत सरकतात, लहान होतात आणि पोकळीजवळ शेपटी घेऊन उभ्या राहतात. हा क्रम कुठं थांबला, तेच मला सांगायचं होतं, आणि चिखलात क्रम दिसत नाही. मी स्लाइड सरकवत राहिले. चहा आला, निवला.

अगदी कडेला, पिवळं द्रावण पाण्याआधी पोचलं होतं तिथं, दोन नलिका शाबूत होत्या. मी त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. दोनच नलिकांवर मत द्यायला जीव धजत नव्हता. पण थर सगळे होते, आणि शुक्राणूही. उत्पादन चालू, वाट बंद. नमुना खराब असल्याची नोंद करून मी तसं लिहिलं.

रिपोर्ट न्यायला तिघं आली. सगळ्यांसमोर सांगू का, असं विचारल्यावर नवऱ्यानं मान हलवली, तेव्हा दोघींसमोरच सांगितलं, आत शुक्राणू तयार होतायत.

"बघा!" सासू उसळली. "माझ्या लेकात खोट नाय. म्या म्हनलं नव्हतं?"

माझंच वाक्य त्या बाईवर उलटलं होतं.

"तयार होतात, पण बाहेर येत नाहीत. मधली नळी बंद असावी. दुसरी आणा, तिसरी आणा, पाळणा हलणार नाही. ऑपरेशननं वाट उघडली तर उघडेल, नक्की सांगत नाही."

सासू माझ्याकडे संशयानं बघत राहिली. "आमच्या मान्सांत असं नसतंय."

"आत्या," सून पहिल्यांदाच बोलली, "मेंढ्या गाभण ऱ्हायल्या नाय तर मामंजी काय बदलत्यात? कळप का मेंढा?"

नवरा खाली बघूनच हसला, मग लाजला. सासू हसली नाही. पदराचं टोक पिळत बसली.

"पन त्या दुसऱ्या पोरीकडच्यांना शब्द दिलाय," ती शेवटी म्हणाली. "त्यांना कोन सांगनार? माझं तोंड व्हायचं नाय."

"मी सांगते," सून म्हणाली आणि रिपोर्ट उचलला. "ऑपरेशनचं कुठं इचारायचं, तेवढं बोला, डाक्टरीणबाई."