नातीचा खारट पापा

मित्रहो, आज सकाळी नातीला घेऊन धाराशिवला दवाखान्यात गेलो. चार वर्षांपासून तिला तिथल्याच डॉक्टरांचं दम्याचं औषध चालू आहे, तरी खोकला हटत नाही.

आमचे डॉक्टर परवाच कुठल्याशा प्रशिक्षणाहून आलेले. तपासता तपासता थांबले. "आजोबा, हिचा पापा खारट लागतो का?"

"व्हय की. आमी लाडानं खारी बुंदीच म्हणतो हिला."

ते हसले नाहीत. "हा दमा नसून सिस्टिक फायब्रोसिस असू शकतो. जन्मजात आजार आहे, घामातून मीठ जास्त जातं आणि छातीत चिकट कफ साठतो. घामाची तपासणी करू. मला हे आधीच कळायला हवं होतं."

परतताना एसटीत नातीनं मला कविता म्हणायला सांगितली. लहानपणी शाळेत पाठ केलेली एकही ओळ मला आठवेना, डोक्यात डॉक्टरांचंच बोलणं घोळत होतं.

चूक कबूल करणाऱ्या त्या माणसाला मी काहीच बोललो नाही. तुम्ही काय बोलला असता?