विलासरावांचा शनिवार

विलासराव गेल्याचा सुनंदाचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "नक्की?" हयात ऑडिटमध्ये गेली. कुठलीही गोष्ट उलटीपालटी करून बघितल्याशिवाय मला घेता येत नाही. धाकट्या बहिणीच्या या नवऱ्यालाही मी वर्षानुवर्षं तसंच बघत आलो... आणि तरी ते मला पुरते पटले नव्हते.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, नोकरीपायी इकडे हिंदी मुलखात आलेले. माझी श्रद्धा नाताळ आणि लग्नकार्यापुरती, विलासरावांची मात्र रोजची. शहराबाहेर सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कपड्यांच्या एका एक्स्पोर्ट कारखान्यात ते प्रॉडक्शन सांभाळायचे. रविवारी त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मराठी उपासना व्हायची. लष्कराच्या छावणीतली मराठी कुटुंबं यायची, आयटीतली पोरं यायची, मराठी वाचताना अडखळणारी त्यांची मुलं यायची. पेटीवर विलासराव. मालकांनी त्यांना सगळा कारखाना चालवायला देऊ केला, वर सी-स्कीमसारख्या शहरातल्या श्रीमंत वस्तीत फ्लॅट. अट एकच, रविवारीही हजर राहायचं. विलासराव नाही म्हणाले. "विलासजी, भगवान तो सोमवार को भी मिल जाएंगे," असं शेठजी म्हणाले म्हणे. मला शेठजींचं पटलं.

आधी वाटलं, रविवारची काही भानगड असेल. न सांगता जाऊन बसलो. भानगड नव्हती, भजनं होती, तीही बेसूर. मग वाटलं, माणूस जबाबदारीला घाबरतो आणि देवाच्या आड लपतो. नाहीतर यांना काही हवंच नसेल, आणि ज्याला काही नकोच त्याच्या नकाराचं कौतुक ते काय? फरफट माझ्या बहिणीची. गच्चीखालच्या त्या खोल्या उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापायच्या. एकदा तोंडावरच म्हटलं, "खरं कारण सांगा." ते हसले. "दादा, रविवार देऊन टाकलाय. परत कसा मागू?" असली गोड उत्तरं ऐकली की माझा संशय वाढतो.

ते गेल्यानंतर महिन्याभराने, एका शनिवारी संध्याकाळी सुनंदाकडे गेलो. ती साडी बदलून, पर्स घेऊन बसली होती. म्हणाली, "दादा, सी-स्कीममधून चक्कर मारून आणतोस?" तिथल्या एका शांत गल्लीत तिने गाडी थांबवायला लावली आणि वर बोट दाखवलं. रुंद बाल्कनी, झाडांच्या कुंड्या. शेठजी देत होते तो फ्लॅट.

"दर शनिवारी स्कूटरवरून मला इथे आणायचे," ती म्हणाली. "झोपाळा कुठे टांगायचा, पेटी कुठे ठेवायची, सगळं ठरवायचे. मी वैतागून म्हणायचे, नाही म्हणून झालं ना, मग कशाला बघायचं?"

"मग?"

"म्हणायचे, अजून हवासा वाटतो गं."

मी गाडीचं इंजिन बंद केलं. "आणि तुला?"

"मलाही. म्हणून तर दोघं यायचो."

दोघं मिळून दर आठवड्याला नव्याने नाही म्हणत होती, आणि मी एकट्या माणसाची तपासणी करत बसलो होतो. मला रडू आलं. वर बाल्कनीत कोणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं, ते सुनंदाने शेवटच्या कपड्यापर्यंत बघितलं.

"चल आता," ती म्हणाली. "उद्या माणसं येतील. सतरंज्या झटकायच्यात."