तीन नंबरची फ्लॉपी

तेव्हा मी जरीपटक्यातल्या एका दोन खोल्यांच्या कॉम्प्युटर कचेरीत टायपिंग करत होते आणि त्या कामाचा मला मनस्वी कंटाळा आला होता. माझ्या भुणभुणीला वैतागून साहेब शेवटी म्हणाले, "जा. सूतगिरणीत हजेरीचे नवे प्रोग्राम तू बसवून ये. दुपारपाळीची हजेरी बरोबर छापून निघाली तर पुढची कामं तुझी. नाही तर टाइपरायटर आहेच."

हजेरीचा संच पाच फ्लॉप्यांचा होता: कामगारांची यादी, पाळ्या, रजा, जादा काम आणि छपाई. नवा संच साहेबांनी दसऱ्याआधीच गिरणीत पोचवला होता. दसऱ्यानंतर मी गेले, तर तिथली हजेरी सांभाळणाऱ्या टाइमकीपरकाकांनी पाचही फ्लॉप्या पाटावर मांडलेल्या. प्रत्येकीला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"हे काय केलं, काका?"

"खंडेनवमीले साऱ्या मशिनींची पूजा केली. मंग यायलेच काहून सोडाव?"

हसावं की रडावं, कळेना. चार फ्लॉप्या पुसून चालल्या. तिसरीच्या, रजेच्या, फटीत कुंकू गेलं होतं. मशीन तिला वाचेचना. दुसरी मागवायला साहेबांना फोन करणं माझ्या जिवावर आलं. कपाटात जुना संच होता. त्यातही तीन नंबर, तेच नाव. घातली. मशीनने कुरकुर केली नाही आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

चाचणीचा कागद निघाला. काकांनी चष्मा लावून वाचला.

"बाई, मी बाळंतपणाच्या रजेवर आहो?"

नव्या संचात सगळ्या कामगारांना नवे नंबर दिले होते, पुढे खात्याचा आकडा लावून. जुनी फ्लॉपी तो पहिला आकडा वाचतच नव्हती, म्हणून दोन खात्यांतले दोन नंबर तिला एकच वाटत होते. एका कामगार बाईची रजा काकांना चिकटली होती, अशा आणखी किती, देव जाणे.

"पेनानं खोडून टाकू," काका म्हणाले. "कोणाले समजते?"

पाळीला तासभर उरला होता आणि मोह मला झालाच. पण एकदम गावची, कुहीची, आमची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आठवली. लहानपणी रोवणीत, म्हणजे लावणीत, रोपं कमी पडली, तेव्हा मी शहाणपणा करून उशिरा पिकणाऱ्या भारी धानात लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची रोपं खोचली होती. कापणीच्या वेळी हलकं पिकून गळत होतं, भारी हिरवंच उभं. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "एका बांधीत एकच जात लावाव वं, पोरी. दोन्ही चांगल्या असल्या तरी."

मी चारही नवे प्रोग्राम काढले आणि जुन्या पाचही फ्लॉप्या पहिलीपासून घातल्या. जुन्या नंबरांची नोंद मशीनवर होतीच. हजेरी वेळेत निघाली, काका कामावर हजर. मग साहेबांना फोन लावला.

"नवा संच बसला नाही. चूक माझी आहे."

"मग हजेरी?"

"पाचही जुने घातले."

"चार नवे काढून?"

"हो."

मला टाइपरायटर दिसायला लागला.

"उद्या पाचही नव्या घेऊन जा," साहेब म्हणाले. "आणि निघताना टाइपरायटरवर झाकण घाल. धूळ बसेल."

दुसऱ्या दिवशी मी पाचही फ्लॉप्या एकाच रुमालात बांधून नेल्या. काकांनी लाजत कुंकवाची डबी काढली. मी गाठोडं पुढे केलं.

"लावा, काका. पण गाठीवर."