अकरा रिव्हेट

आमच्या गावात माझी टिंगल करायला कोणाला फारसे कष्ट पडत नाहीत. आंबे पेट्यांत भरायच्या शेडीत मी दोन माणसांचं विमान बांधतोय. बोटीवरच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस निवृत्तीनंतर तरी गप्प बसेल, ही घरच्यांची आशा होती. मग सुट्या भागांची खोकी दारात येऊन पडली. "काय, विमानाची आढी घातलीत वाटतं? पिकणार कधी?" असं जाणारा-येणारा विचारतो. पिकलं की पहिलं तुम्हालाच चढवतो, असं मी सांगतो.

माझा थोरला भाऊ मात्र या थट्टेत कधी नव्हता. दादाने हसणंच सोडलं होतं. दाभोळच्या खाडीकाठी त्याने जन्मभर लाकडी होड्या बांधल्या. तीन वर्षांपूर्वी त्याने बांधलेली एक होडी मासेमारीला गेली ती परत आली नाही. तिच्यावर त्याचा एकुलता मुलगा होता. त्याचा देह दोन दिवसांनी वेळणेश्वरच्या बाजूला किनाऱ्याला लागला. होडीच्या चार-पाच फळ्या तेवढ्या मिळाल्या. होडी खडकावर आपटली, की तिचे सांधेच आपोआप सुटले, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून दादाने हत्याराला हात लावला नाही. अर्धी बांधून झालेली एक होडी घरामागे माडांखाली होती, तिच्यावर त्याने झावळ्या टाकल्या आणि पाठ फिरवली.

"भावजी, ह्यांच्या हातात कायतरी काम द्या," वहिनी एकदा म्हणाली. "हात चालू झाले तर ती होडी पुरी करतील. नायतर हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत संपेल."

विमानाचे पत्रे जोडणारे रिव्हेट, म्हणजे एका टोकाला डोकं असलेले छोटे दांडे, मारायला दोघं लागतात, म्हणून मी दादाला बोलावलं. पत्र्याच्या बाहेरून मी रिव्हेटच्या डोक्यावर ठोके मारणारी गन लावतो. आतून दुसऱ्याने रिव्हेटच्या दांड्यावर लोखंडी ठोकळा सपाट धरायचा. गनचे ठोके बसतात, ठोकळा ते थोपवतो आणि दांड्याचं टोक चेपून बटणासारखं होतं. पहिले काही दिवस मी दादाच्या शेजारी उभा राहून ठोकळा कसा धरायचा ते दाखवलं. तो बोलेना, पण वेळेवर यायचा. मग हळूहळू चहाला थांबू लागला. एके दिवशी वहिनी धापा टाकत शेडीत आली. सकाळी दादाने होडीवरच्या झावळ्या काढल्या होत्या आणि फळ्यांवरून हात फिरवून पाहिला होता. ते सांगताना तिचे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात आम्ही विमानाच्या शेपटीला हात घातला. तिथे आतली बाजू मला दिसत नव्हती. दादा आतून ठोकळा धरत होता, मी बाहेरून ठोकत होतो. एक अख्खी ओळ झाल्यावर मी बॅटरी आणि छोटा आरसा आत घालून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. अकराच्या अकरा टोकं एका अंगाला मुरडलेली होती.

"दादा, हे काय करून ठेवलंस? ही काय तुझी होडी आहे?"

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "मुरडल्याबिगर खिळा धरतो काय कधी?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. होडीच्या फळीतून खिळा आरपार ठोकतात, बाहेर आलेलं टोक वळवून परत लाकडात बसवतात. दादाचा सगळा धंदा त्या मुरडलेल्या टोकावर उभा होता. हात चुकला नव्हता. त्याने ठोकळा मुद्दाम तिरपा धरून, माझ्या विमानाला मजबुती यावी म्हणून, एकेक टोक जपून वळवलं होतं. पण अॅल्युमिनियमच्या रिव्हेटला ते चालत नाही. विमानाच्या थरथरीत असं टोक तडकतं.

दादा ठोकळा ठेवून बाहेर चिऱ्यांच्या ढिगावर जाऊन बसला. मी धुसफुसत रिव्हेट काढायला घेतले. डोक्याच्या मधोमध खूण करायची, डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल घालायचं, डोकं अलगद उडवायचं आणि उरलेला दांडा मागे ढकलायचा. घाई केली तर पत्र्याचं भोक मोठं होतं. दोन भोकं मोठी झालीच, तिथे जाड रिव्हेट घालावे लागणार होते. काढलेले तुकडे मी वाटीत टाकत गेलो.

दादा परत आत आला. त्याने वाटी उचलली, एक तुकडा बोटांत फिरवून बघितला.

"सुटले असते काय रे?"

"सुटलेच असते," मी मान वर न करता म्हणालो. "आज ना उद्या."

"मग काढलंस ते बरं केलंस."

त्याने ठोकळा उचलला आणि अकरा नवे रिव्हेट आम्ही मारले. या वेळी त्याने ठोकळा असा धरला की मी नाव ठेवायला जागा शोधत राहिलो. चूक दिवसाउजेडी निस्तरली म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. त्याने काय विचारलं होतं, ते मला कळलंच नव्हतं.

चार दिवस दादा आला नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वहिनी मागच्या दारात उभी होती, मला पाहून तिने तोंड फिरवलं. माडांखाली होडी नव्हती. फळ्या सुट्या करून भिंतीला रचून ठेवल्या होत्या आणि दादा उकिडवा बसून शेवटच्या दोन फळ्या उकलत होता. बाजूला डबाभर खिळे. त्याच्या तळहातांना फोड आलेले होते.

मी त्याच्यासमोर खालीच बसलो.

"दादा, मी अॅल्युमिनियमचं बोललो रे. लाकडाची गोष्ट वेगळी. लाकडात मुरडलेला खिळाच धरतो."

तो काम करत राहिला. खिळ्याचं टोक पकडीने सरळ करायचं, उलट्या बाजूने ठोकायचं, पुन्हा पकडीत धरून ओढायचं. एक खिळा त्याला दमवत होता. लाकूड करकरत होतं, खिळा हलत नव्हता.

"बघ की," मी जवळजवळ ओरडलोच. "बघ किती घट्ट आहे. होडी उकलायला तुला चार दिवस लागले. असा खिळा आपोआप सुटेल का?"

दादाने दोन्ही हातांनी जोर लावला. खिळा निघाला. त्याने तो माझ्यासमोर धरला.

"निघाला ना पण?" तो म्हणाला, आणि खिळा डब्यात टाकला.